अफूचे दप्तर

मराठी माणूस आजारी पडला म्हणजे तो 'दुखणाईत' होतो. त्याला ताप असो, खोकला असो वा क्षय असो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरची माणसे सांगतात ते 'दुखणे आले आहे' एवढेच; आणि ते दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले की त्याला 'जुनाट' हे विशेषण लागते. रोगाच्या अनेक लक्षणांतून वेदना हे एक लक्षण उचलून तेच ज्या भाषेने सर्व रोगांचे सामान्यनाम केले, तिच्याजवळ वेदनेचे शब्द किती असावेत? पोटात कळ येते, दाढ ठणकते, गळू ठसठसते, जखम चुरचुरते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पायांना गोळे येतात, अंग मोडून येते आणि बाळंतिणीला वेणा येतात. यांपैकी एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही, आणि निरक्षर म्हातारीसुद्धा वैद्यापुढे बसली असता त्यांची गल्लत करीत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची विशेषणे गोळा करून, त्यांची वर्गवारी लावून, रुग्णाने निवडलेल्या शब्दांवरून वेदनेचे स्वरूप आणि तीव्रता ठरविण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणाइताचा शब्द हाच वेदनेचा पहिला पुरावा होय, ही तिच्यामागील जाणीव आपल्या भाषेच्या अंगी पूर्वापार मुरलेली आहे.

शब्दांच्या या समृद्धीशेजारी उपायांचा इतिहास ठेवून पाहिला म्हणजे मन विषण्ण होते. वेदनाशामक म्हणून मनुष्याला जे सर्वांत प्रभावी द्रव्य सापडले ते, म्हणजे अफू, याच भूमीत शतकानुशतके पिकत आले आहे. तिच्याविषयीचे सरकारी कागद इतके आहेत की एका अभ्यासकाचे आयुष्य ते वाचण्यात सरावे. आणि तरीही त्या कागदांत पेट्यांची संख्या, जकातीचे दर, परवान्यांचे नमुने आणि पुढील काळात जप्तीचे पंचनामे हे सर्व असून, ज्याच्यासाठी हे द्रव्य निर्माण झाले त्या दुखणाइतासाठी रकाना जवळजवळ नाही. राज्यकर्ते बदलले, कायदे बदलले, दप्तराची भाषा फारसीवरून इंग्रजीवर आली, पण हा रकाना रिकामाच राहिला. त्या रिकाम्या रकान्याची हकीकत मी येथे सांगू इच्छितो.

अफू येण्यापूर्वी आपल्याकडे वेदनेवर उपाय नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषायांची गणना आहे, तीत 'वेदनास्थापन' नावाचा एक स्वतंत्र गण असून शाल, कट्फल, कदंब, पद्मक, तुंब, मोचरस, शिरीष, वंजुल, एलवालुक आणि अशोक ही दहा द्रव्ये त्यात सांगितली आहेत. शूळ शमविणारा गण त्याच यादीत निराळा आहे, आणि अंग मोडून येण्यावरचा गणही निराळा आहे. म्हणजे रोग कोणताही असला तरी वेदना ही स्वतःच उपचाराचा विषय आहे, आणि सगळ्या वेदना एका जातीच्या नाहीत, या दोन्ही गोष्टी त्या ग्रंथकाराला स्पष्ट दिसल्या होत्या. सुश्रुताने शस्त्राच्या जोडीला अग्निकर्म, शिरावेध आणि जळवा लावणे यांचे विधी दिले. त्या विधींची खेड्यापाड्यांत उरलेली रूपे आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी अंगावर वागविली आहेत: कंबर धरली की तापल्या लोखंडाचा डाग, गुडघा सुजला की तुंबडी, हात निखळला की हाडवैद्याची पट्टी, आणि या सर्वांच्या आधी व नंतर निर्गुडीच्या पाल्याचा किंवा तापविलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक. यांपैकी शेकणे, चोळणे आणि बांधणे हे उपाय सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्यात खरोखरच गुणकारी आहेत, आणि आजची भौतिकोपचारशास्त्रे तेच काम अधिक शिस्तीने करतात. डाग देण्याच्या प्रथेविषयी मात्र माझे मत कठोर आहे. मोठ्या वेदनेने लहान वेदना काही काळ झाकली जाते, एवढेच तिचे सामर्थ्य होते, आणि त्याची किंमत म्हणून असंख्य पाठींवर व पोटांवर, लेकरांच्यासुद्धा, जन्माचे व्रण राहिले. ज्या दुखण्याचे मूळ शरीरात खोल रुजलेले असे, हाडांत उतरलेल्या अर्बुदासारखे, तेथे यांपैकी काहीही पोहोचत नसे.

अफू चरकाला आणि सुश्रुताला ठाऊक नव्हती. खसखशीच्या बोंडाचा चीक ग्रीकांना माहीत होता. त्यांच्या भाषेतील रसवाचक शब्दापासून अरबांचे 'अफयून' झाले, अरबी व्यापाऱ्यांबरोबर ते द्रव्य व तो शब्द हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला, आणि संस्कृत पंडितांनी त्या परक्या उच्चाराला 'अहिफेन', म्हणजे सर्पाचा फेस, असे सार्थ व भयसूचक रूप दिले. शार्ङ्गधरसंहितेत या द्रव्याची गणना भांगेबरोबर 'व्यवायी' द्रव्यांत केली आहे. पचन होण्यापूर्वीच जे सर्व शरीर व्यापून टाकते आणि मग पचते, ते व्यवायी. प्रयोगशाळेचे कोणतेही साधन हाताशी नसताना, केवळ रुग्णाकडे डोळे लावून बसलेल्या वैद्याने केलेले हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. ते द्रव्य किती लवकर चढते आणि त्यामुळे त्याची मात्रा किती जपून द्यावी लागते, हे त्या एका शब्दात आले आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील अफूचे पहिले तपशीलवार वर्णन मराठी मुलुखाच्या अगदी उंबरठ्यावर लिहिले गेले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला, तेथेच स्थायिक झाला, आणि हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ त्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापून प्रसिद्ध केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता, त्या दरबारात तो वैद्य म्हणून जात असे, आणि मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता; तेव्हा त्याची माहिती बंदरातील ऐकीव गप्पांवर आधारलेली नव्हती. अफूवरील संवादात तो खंबायतची, एडनची, कैरोची अशा जाती रंगावरून व घट्टपणावरून वेगळ्या करून दाखवितो, आणि निजामशाहीतील एका खुरासानी चिटणिसाची हकीकत सांगतो. तो गृहस्थ रोज तोळ्यांच्या हिशेबाने अफू खाई, सदैव पेंगत असे, आणि तरीही त्याला बोलते केले म्हणजे विद्वान व समंजस माणसासारखा बोले. हा प्रसंग वाचताना त्या चिटणिसाने पहिली गोळी कोणत्या दुखण्यापायी घेतली असेल, असा प्रश्न माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो. ऑर्ताचा स्वतःचा शेवटही वेदनेच्या इतिहासातच जमा करण्याजोगा आहे: तो ज्यू वंशाचा होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण सभेने त्याची हाडे उकरून जाळली.

पुढील दोन-तीनशे वर्षांत अफू आपल्या घरांत रुळली. माझ्या आजोळी फडताळात पितळेची एक चिमुकली डबी होती. ती आजीच्या सासऱ्यांची, आणि थंडीच्या दिवसांत गुडघ्यांनी उठू दिले नाही की ते तिच्यातून मोहरीएवढी गोळी काढून दुधाबरोबर घेत, एवढीच आठवण तिच्याभोवती उरली होती. अतिसार, जुनाट खोकला, संधिवात आणि थंडीताप या चार दुखण्यांत अफूचा आधार घेण्याची रीत देशभर होती. तिचे प्रमाण बहुतेक घरांत मोहरीच्या किंवा मुगाच्या दाण्याने मोजले जाई, आणि ते ओलांडणाऱ्याला लोक 'अफीमबाज' म्हणत. म्हणजे औषध आणि व्यसन यांच्यामधली सीमा समाजाला ठाऊक होती. ती सीमा गरिबीने मोडली. मुंबईच्या गिरण्यांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना 'बाळगोळी' चारून खोलीत निजवून जात. त्या गोळीत अफू असे, आणि १९२० नंतरच्या दशकात शहरातील स्त्री-डॉक्टरांनी व समाजसेवकांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. मूल सांभाळायला माणूस नाही आणि कामावर न जावे तर चूल पेटत नाही, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या.

घरातील डबीत मोहरीएवढी असलेली ही अफू राज्याच्या खजिन्यात मात्र डोंगराएवढी होती. बंगाल-बिहारातील अफूचा मक्ता १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनी सरकारकडे घेतला, आणि १८२० मध्ये गाझीपूरचा कारखाना उभा राहिला. माळव्यातील अफूवर मात्र असा मक्ता बसविता येईना, कारण तो मुलूख शिंदे-होळकरांचा आणि राजपूत संस्थानिकांचा. तेव्हा कंपनीने निराळी युक्ती योजली: ती अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाऊ द्यावी, आणि दर पेटीमागे परवान्याची जकात घ्यावी. कराचीची चोरवाट शिल्लक होती तोवर हा दर फार चढविता येत नव्हता. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात आला, ती वाट बंद झाली, आणि मग जकात पायरीपायरीने चढतच गेली. आजच्या मुंबईच्या वैभवाचा एक पाया कापसाचा आहे हे सर्वांस ठाऊक असते. दुसरा माळव्याच्या अफूचा आहे हे सांगताना आपण अडखळतो. कापूस आणि अफू या दोन्ही मालांचा चीनशी व्यापार करून जमशेटजी जिजीभाईंनी अलोट संपत्ती मिळविली, तीतून लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि १८४५ मध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय व त्याच्याशी संलग्न असे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हिंदी तरुणांनी पाश्चात्त्य वैद्यक शिकण्याची पश्चिम भारतातील ही पहिली मोठी शाळा. चीनमधील लक्षावधी कुटुंबांचा विध्वंस करणाऱ्या व्यापाराचा पैसा मुंबईच्या दुखणाइतांच्या उशाशी आला, ही गोष्ट इतिहासाने तशीच्या तशी नोंदवावी. ती लपविण्याने देणगीचे मोल वाढत नाही आणि सांगण्याने घटत नाही.

इकडे पेट्यांची मोजदाद चालू असताना तिकडे जर्मनीत पाडरबोर्न गावी फ्रीडरिख सेरट्युर्नर नावाच्या विशीतील एका औषधविक्याच्या उमेदवाराने १८०४ च्या सुमारास अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले होते. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने त्याला जे नाव दिले त्याचेच पुढे 'मॉर्फिन' झाले. १८२७ मध्ये डार्मस्टाट येथील मेर्क यांनी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आणि १८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने ते कातडीखाली टोचण्याची रीत प्रचारात आणली. बोंड कोठले, चीक किती पातळ, भेसळ किती, यांवर ज्याचा गुण आजवर अवलंबून होता ते द्रव्य आता गुंजेच्याही अंशांनी मोजून देता येऊ लागले. वेदनेच्या इतिहासात याच्याइतका मोठा टप्पा दुसरा नाही, असे मी म्हणेन. मात्र ज्या देशाच्या शेतांतून कच्चा माल निघत होता, त्याच्या गावखेड्यांत या टप्प्याची वार्ता पोहोचण्यास शतकाहून अधिक काळ लागावयाचा होता.

इंग्लंडातील धर्मनिष्ठ सुधारकांनी आणि हिंदुस्थानातून दादाभाई नौरोजींसारख्यांनी अफूच्या व्यापाराचा धिक्कार चालविला, तेव्हा १८९३ मध्ये पार्लमेंटाने लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. त्यात दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वरसिंह आणि जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद होते. आयोगाचा अहवाल १८९५ मध्ये सात खंडांत प्रसिद्ध झाला. या खंडांत दुखणाईत प्रथमच मोठ्या संख्येने दिसतात, कारण डॉक्टर, वैद्य, हकीम, जमीनदार असे शेकडो साक्षीदार येऊन संधिवातात, हिवतापात, म्हातारपणीच्या थकव्यात अफू कशी उपयोगी पडते ते सांगून गेले. पण हे सगळे विचारले जात होते ते कशासाठी? अफूवर बंदी घालावी की महसूल चालू ठेवावा या वादात एका पक्षाचा दाखला म्हणून. आयोगाने बहुमताने महसुलाच्या बाजूने कौल दिला, हेन्री विल्सन या सभासदाने आपली भिन्नमतपत्रिका जोडली, आणि साक्ष देऊन झाल्यावर दुखणाइतांचे पुन्हा कोणास स्मरण राहिले नाही. लोकांना हे औषध लागते असे जर साक्षींवरून सिद्ध झाले होते, तर ते शुद्ध रूपात, मापून, डॉक्टरच्या देखरेखीखाली त्यांना कसे मिळावे याचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. तो आला नाही. त्या सात खंडांविरुद्ध माझी तक्रार हीच आहे.

विसाव्या शतकात वारे उलटे फिरले. १९१२ च्या हेग येथील करारानंतर अफूचा आंतरराष्ट्रीय व्यापार आवळत गेला, चीनकडील निर्यात थांबली, १९३० मध्ये 'धोकादायक औषधांचा' कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर तोंडाने अफू खाण्याची मुभा टप्प्याटप्प्याने घटवीत १९५९ पर्यंत, परवानाधारक जुने व्यसनी सोडून, संपुष्टात आणली गेली. हे धोरण योग्य होते. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर प्रारंभीच असे मान्य केले होते की, वेदना व क्लेश यांच्या निवारणासाठी या द्रव्यांचा वैद्यकीय उपयोग अपरिहार्य असून ती उपलब्ध राहतील अशी तजवीज राष्ट्रांनी केली पाहिजे. म्हणजे सरकारांवर दोन कर्तव्ये होती, दुरुपयोग रोखणे आणि रुग्णाला औषध पोहोचविणे; पहिले कर्तव्य अबकारी व पोलीस खात्यांना नेमून दिले गेले, दुसऱ्याला वालीच नव्हता.

याच सुमारास जगात वेदनेकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. उमेदीत कुस्त्या खेळलेला आणि पुढे भूलशास्त्रज्ञ झालेला जॉन बोनिका याने महायुद्धातील जखमी सैनिकांची, जखम भरून आल्यावरही न थांबणारी वेदना पाहिली, आणि १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारावर प्रचंड ग्रंथ लिहून निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून असा रुग्ण तपासावा, ही कल्पना मांडली. आजच्या वेदना-चिकित्सालयांचा उगम तेथे आहे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी असे प्रतिपादन केले की, मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे, आणि स्पर्श, दाब, लक्ष, भीती यांच्या प्रभावाने तो कमीअधिक उघडतो वा मिटतो. चोळल्याने दुखणे का उतरते, याचे शास्त्रीय उत्तर प्रथमच मिळू लागले. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या, प्रथम परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या बाईंनी मरणोन्मुख कर्करुग्णांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहून दाखवून दिले की, रुग्ण कळवळून मागेपर्यंत थांबण्याऐवजी मॉर्फिन घड्याळाच्या ठोक्याने, तोंडावाटे, ठराविक अंतराने दिले तर वेदना परतच येत नाही आणि रुग्ण शुद्धीत, बोलत-चालत राहतो. त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली. त्यांच्या मते वेदना ही शरीराची असते तशी मनाची, घरातल्या ओढगस्तीची आणि श्रद्धेचीही असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये हे सर्व अनुभव एका सोप्या तीन पायऱ्यांच्या जिन्यात बसविले: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, त्याने न भागल्यास कोडीनसारखी मध्यम, आणि त्यानेही न भागल्यास मॉर्फिन. हा जिना दरिद्री देशांनाही परवडावा असा होता, कारण मॉर्फिनची साधी गोळी अत्यंत स्वस्त असते.

आणि नेमके त्याच वेळी आपल्याकडे जिन्याच्या शेवटच्या पायरीला कुलूप लागले. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा संसदेने १९८५ मध्ये संमत केला व त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. हेरॉइनच्या तस्करीने देश त्या वेळी हादरला होता, आणि तिला आळा घालण्याचा उद्देश निःसंशय चांगला होता. पण दहा वर्षांची किमान सक्तमजुरी ठेवणाऱ्या त्या कायद्यात तस्कराचा माल आणि कर्करुग्णाची गोळी यांत फरक करण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. बाळगण्याचा परवाना, आणण्याचा परवाना, वाहतुकीचा परवाना, परराज्यातून माल यावयाचा तर तेथील रवानगीचा परवाना, असे चार-पाच कागद, अबकारी व औषध-नियंत्रण अशा भिन्न खात्यांकडून, आणि तेही एकाच वेळी मुदतीत असलेले, रुग्णालयाजवळ असावे लागत. शेवटचा कागद हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत टळलेली असे. कारकुनी चूकही गुन्हा ठरण्याची धास्ती, म्हणून रुग्णालयांनी साठा ठेवणेच सोडले, औषधविक्रेत्यांनी हात वर केले, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या मॉर्फिनची एकही चिठ्ठी न लिहिता पदवीधर होऊन बाहेर पडल्या. कायदा होण्यापूर्वी देशात मॉर्फिनचा वापर वर्षाला कित्येक शेकडो किलो होता. १९९७ मध्ये तो १८ किलोवर येऊन ठेपला.

या आकड्याचा अर्थ मला माझ्या मावशीच्या अंथरुणापाशी कळला. तिच्या पाठीच्या मणक्यांत कर्करोग उतरला होता, आणि जिल्ह्याच्या गावातील तिचे शेवटचे चार महिने आम्ही काढले ते साध्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी आणि रामरक्षा यांवर. डॉक्टर सज्जन होते. ते रोज संध्याकाळी स्वतः येत, नाडी धरून बसत, आणि निघताना अंगणात मला सांगत की, लागणारे औषध जगात आहे, पण माझ्याकडे नाही आणि ते मिळविण्याची वाट मला ठाऊक नाही. मावशी अखेरीस 'कळ' हा शब्दही उच्चारीत नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून असे. त्याच वर्षी फाल्गुनात मंदसोर-नीमच भागातील शेतांत नेहमीप्रमाणे बोंडांना चिरा पडल्या असतील, रात्रभर चीक पाझरला असेल, सकाळी तो खरडून गोळा झाला असेल, आणि 'आरी' या जमिनीच्या मापाने मोजून दिलेल्या पट्ट्याच्या हिशेबाने लंबरदाराच्या देखत सरकारी काट्यावर तोलला गेला असेल. अमेरिकेने १९८१ पासून असा नियमच केला होता की, तिला लागणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालाचा किमान ८० टक्के भाग भारत आणि तुर्कस्तान या दोन देशांकडून घ्यावा. तेथील दुखणाइतांसाठी येथून बोटी भरून माल जात होता.

या अंधारात ज्यांनी दिवे लावले त्यांत मुंबईचा मान पहिला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून देशभरच्या कर्करुग्णांचा आधार झाले होते, शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुइस डिसूझा यांनी बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी १९८६ मध्ये वांद्र्यास 'शांती आवेदना आश्रम' सुरू केला. अशा प्रकारचे हे भारतातील पहिले स्थान, आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. 'आवेदना' हा शब्द त्यांनी वेदनेचा अभाव या अर्थाने योजला, आणि व्याकरणाचा काटेकोरपणा बाजूला ठेवून मी त्या शब्दापुढे नम्र होतो. दक्षिणेत कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी १९९३ मध्ये एक लहानसे चिकित्सालय काढले, आणि त्यातून केरळात गावोगावचे स्वयंसेवक घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करू लागले. परवान्यांची गुंतागुंत सोडविण्यासाठी केंद्र सरकारने १९९८ मध्ये राज्यांना एक आदर्श नियमावली पाठविली. काहींनी ती स्वीकारली, पुष्कळांनी ती फायलीत ठेवली. राजगोपाल व त्यांचे सहकारी मंत्रालयांचे आणि न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने मूळ कायद्यातच दुरुस्ती केली: वैद्यकीय उपयोगासाठी ही द्रव्ये उपलब्ध करणे हा कायद्याचा एक हेतू म्हणून लिहिला गेला, आणि मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथॅडोन, कोडीन यांसारख्या आवश्यक औषधांसाठी साऱ्या देशाला एकच नियम लागू झाला. मे २०१५ मध्ये त्या नियमांची अधिसूचना निघाली. आता राज्याच्या औषध-नियंत्रकाची एक मान्यता असली की रुग्णालयाला हा साठा ठेवता येतो. ते चार-पाच कागद गेले.

मॉर्फिन हे सर्व जुनाट दुखण्यांचे उत्तर आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. कर्करोगाच्या वेदनेत, आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्याला तोड नाही. पण कंबरदुखी, संधिवात, डोकेदुखी अशा वर्षानुवर्षे सोबत करणाऱ्या दुखण्यांत ते दीर्घकाळ देणे धोक्याचे असते, आणि १९९६ नंतर अमेरिकेत अशाच औषधांच्या बेसुमार प्रचाराने व चिठ्ठ्यांनी केवढा अनर्थ ओढवला, हे जगाने पाहिले आहे. अशा जुनाट दुखण्यांत व्यायाम, भौतिकोपचार, मज्जातंतूंच्या वेदनेवर अमिट्रिप्टिलीन व गॅबापेन्टिन यांसारखी निराळ्या जातीची औषधे, निवडक रुग्णांत मज्जातंतूभोवती दिलेली बधिर करणारी सुई, झोप आणि मन यांची काळजी, असा अनेक हातांचा उपचार लागतो, आणि तो धीराने करावा लागतो. आजोळच्या त्या डबीतून मोहरीएवढीच गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याला मात्रेचे जे भान होते, तेच आजही डॉक्टरला व रुग्णाला हवे.

कायदा सुधारून दशक उलटले. तरीही देशातील बहुसंख्य दुखणाइतांच्या हाती ती स्वस्त गोळी पोहोचलेली नाही, कारण मान्यता मागावयाची असते ती रुग्णालयाने, आणि कोणी विचारल्याशिवाय रुग्णालय ती मागत नाही. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात पुढच्या खेपेस जाल तेव्हा, आपल्या घरी दुखणे नसले तरीही, औषधालयाच्या खिडकीशी उभे राहून विचारा: तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन येथे मिळते का, आणि मिळत नसल्यास मान्यतेचा अर्ज केला आहे का?